कमरेखालचं अंग लुळं पडलेल्या भावाला गावी ठेवायचं आहे, एअर बेड घेतला की पुरेल का?

तुमच्या प्रश्नातून कळतं ते असं : मोठे भाऊ झाडावरून पडले, मणक्याला मार बसून कमरेखालचं अंग गेलं, नागपूरला स्क्रू टाकून ऑपरेशन झालं, आणि आता त्यांना यवतमाळ जिल्ह्यातल्या गावी आणताय. दिवसा सगळे वावरात, उन्हाळा तोंडावर. एअर बेड घेतला तर पाठीला जखमा होणार नाहीत ना, हे तुम्हाला हवंय.

एअर बेड, म्हणजे पंपाने हवा भरली जाणारी गादी, घ्याच. पण त्याच्या भरवशावर कूस बदलणं सोडलं तर माकडहाडावर जखम होणारच. हाड आणि गादी यांच्यात कातडी दाबली गेली की तिथलं रक्त थांबतं. आपल्याला मुंग्या येतात, आपण झोपेतही हलतो. त्यांना ते जाणवतच नाही. म्हणून सुरुवातीला दर २ तासांनी कूस, रात्रीसुद्धा. सकाळी कातडी सलग काही दिवस स्वच्छ दिसली, तर डॉक्टरांना विचारून रात्रीचं अंतर हळूहळू वाढवता येतं.

पूर्ण कुशीवर टाकू नका, सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून ३० अंशांत कलतं ठेवा. एक उशी दोन गुडघ्यांच्या मध्ये, एक पोटरीखाली, अशी की टाच अधांतरी राहील. घरच्या कापसाच्या चार-पाच उशा भरून घ्या. वळवताना ओढायचं नाही. खाली आडवी चादर ठेवून दोघांनी उचलून, खांद्यापासून कमरेपर्यंतचं अंग एकाच वेळी वळवायचं. मधे झोळ पडणारी बाज नको, सपाट दिवाण किंवा तखत घ्या. वाकळीची शिवण, चादरीची घडी, खिशातली किल्ली यांनीही एका रात्रीत व्रण उमटतो. हवेची गोल रिंग घेऊ नका, तिच्या कडेने रक्त आणखी अडतं.

आता लाईनचं. वीज गेली की पंप बंद पडतो, हवा उतरते आणि माणूस फळीवर येतो. म्हणून एअर बेडखाली ४ इंची फोमची गादी हवीच. पंपाला वीज फार थोडी लागते, त्यामुळे लहान इन्व्हर्टरवर तो सहज चालतो. दाबाचं बटण वजनानुसार लावा. मग बेडखालून माकडहाडाच्या जागी हात घालून बघा, हात आणि अंग यांच्यात इंचभर हवा जाणवली पाहिजे. वर एकच सैल सुती चादर. रेक्झिन किंवा जाड गोधडी घातली तर बेडचा उपयोग संपतो, आणि उन्हाळ्यात खाली घाम साचून कातडी भिजते ती वेगळीच.

सकाळ-संध्याकाळ मोबाईलच्या टॉर्चने माकडहाड, खुबे, टाचा, घोटे बघा. लाल जागा बोटाने दाबली आणि पांढरी पडली नाही, तर ती सुरुवात आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे गरमपणा, कडकपणा, काळसर झाक शोधा. त्या जागेवर भार पूर्ण बंद करा, आणि चोळू तर नकाच. कातडी फुटली तर सलाईनने धुऊन डॉक्टरांना दाखवा. हळद, राख, स्पिरिट काहीही लावू नका.

लघवीची नळी कायम ठेवण्यापेक्षा दर ४ ते ६ तासांनी स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामं करणं बरं. एका वेळी ५०० मिलीच्या वर साचू देऊ नका. कायमची नळी असेल तर पिशवी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. कूस वळवण्याआधी ती मोकळी करा, नळीला पीळ पडला नाही ना बघा. नळी बदलताना आतला फुगा रिकामा केल्याशिवाय ओढली तर रक्त येतं, म्हणून ते काम नर्सकडूनच. लघवी गढूळ, वास मारणारी आणि सोबत ताप असेल तर थांबू नका.

शौचाची वेळ रोज एकच, चहा-नाश्त्यानंतर अर्ध्या तासाने, कारण खाल्ल्यावर आतडं आपोआप हलतं. सपोझिटरी (शौचाच्या जागेतून आत ठेवायची औषधाची गोळी) आतड्याच्या भिंतीला टेकवून ठेवायची. मळात रुतली तर काम करत नाही.

आपल्याकडचं ४५ अंशांचं ऊन त्यांना जास्त जड जातं, कारण लुळ्या भागाला पुरेसा घाम येत नाही. टिनाच्या खोलीत तर नुसत्या उष्म्यानेच ताप चढतो. अंग ओल्या कपड्याने पुसा आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर दिवसाला अडीच लिटर पाणी द्या. कूलरने दमट झालेली चादर बदलत राहा. मच्छरदाणी गादीखाली खोचा; पाय बधिर असले की उंदीर कुरतडून जातो आणि सकाळीच कळतं. शेकायची पिशवी तर कधीच नाही.

एका पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागली तर तेल लावून चोळू नका. आत रक्ताची गाठ असू शकते, चोळल्याने ती फुफ्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी दवाखाना.

आणि वावराचं. भावाचे हात शाबूत आहेत, हे तुमच्या प्रश्नात कुठेच आलं नाही, आणि माझ्या मते सगळं त्यावरच आहे. सर्जननी परवानगी दिली की दिवाणाच्या कडेला जाड दोरी बांधा, ती धरून त्यांना स्वतः वळायला शिकवा. खुर्चीत बसल्यावर दर १५ ते ३० मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन बूड उचलायचं किंवा मिनिट-दोन मिनिटं पुढे झुकायचं, आणि खाली ४ इंची फोम. मोबाईलला गजर लावून द्या. पाठ बघायला लांब दांड्याचा आरसा द्या, दर ४ ते ६ तासांची नळी घालायचंही नर्सकडून त्यांनाच शिकवून घ्या. कापूस वेचणीच्या दिवसांआधी एवढं जमलं तर दिवसा शेजारचं कुणी तासा-दोन तासांनी डोकावलं तरी चालेल. तोवर घरी एक माणूस लागेलच.