नोंद कुणाच्या नावावर, किल्ली कुणाकडे?

प्रश्न: आम्ही टेक्सासमध्ये राहतो. सप्रेसर (बंदुकीच्या टोकाला लावायचं, आवाज कमी करणारं उपकरण) माझ्या नावावर नोंदवलेला आहे, पण तिजोरीचा नंबर पत्नीलाही ठाऊक आहे. यात काही अडचण?

उत्तर: आहे, आणि ती आजच दूर करा. १९३४च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टनुसार सप्रेसर हे स्वतःच एक शस्त्र आहे. बंदुकीला लावलेला नसला तरी. नोंद ज्याच्या नावावर, ताबाही त्याचाच हवा. तुमच्या गैरहजेरीत पत्नी तिजोरी उघडू शकत असेल, तर वस्तूला हात न लावताही तो तिचा ताबा ठरू शकतो. शिक्षा १० वर्षांपर्यंत कैदेची आहे. नंबर बदला, नाहीतर तिजोरीतच सप्रेसरसाठी वेगळी कुलूपबंद पेटी ठेवा. रेंजवर तुम्ही शेजारी उभे असताना तिने तो वापरायला हरकत नाही.

पुढचा सप्रेसर घेताना ट्रस्टच्या नावाने घ्या आणि पत्नीला सहविश्वस्त करा. मग अर्जासोबत दोघांच्याही बोटांच्या ठशांची प्रत्येकी दोन कार्डं आणि फोटो लागतील, आणि स्थानिक पोलीसप्रमुख किंवा शेरीफला प्रत पाठवावी लागेल. हातातला सप्रेसर ट्रस्टकडे वळवणं हे मात्र नवं हस्तांतरण. त्याला पुन्हा फॉर्म ४, म्हणजे हस्तांतरणाच्या मंजुरीचा अर्ज, भरावा लागतो.

प्रश्न: सप्रेसरवरचा २०० डॉलरचा कर गेला म्हणे. मग आता नोंदणीही नको ना?

उत्तर: कर १ जानेवारी २०२६पासून शून्य झाला, नोंदणी आहे तशीच आहे. फॉर्म ४, ठसे, फोटो, पार्श्वभूमीची तपासणी, सगळं लागतं. मंजुरी येईपर्यंत सप्रेसर विक्रेत्याकडेच राहतो. मंजूर फॉर्मची प्रत बंदुकीच्या बॅगेत कायम ठेवा.

प्रश्न: नोकरीसाठी इलिनॉयला जायचं आहे. सोबत नेता येईल?

उत्तर: नाही. इलिनॉय, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड, डेलावेअर आणि हवाई इथे सामान्य नागरिकाला सप्रेसर ठेवता येत नाही. वॉशिंग्टन डीसीतही नाही. केंद्राची मंजुरी असली तरी राज्याची बंदी तिच्यामुळे उठत नाही. विकायचा असेल तर सामान बांधण्याआधीच सुरुवात करा, कारण घेणाऱ्याचा फॉर्म मंजूर होईपर्यंत तो तुमच्याच ताब्यात असतो.

प्रश्न: एच-१बी व्हिसावर घेता येतो का?

उत्तर: साधारणपणे नाही. बिगर-स्थलांतरित व्हिसावर शस्त्र बाळगायलाच केंद्रीय कायद्याची मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. त्यांवर विसंबण्याआधी वकिलाला विचारा. ग्रीन कार्डधारकाला ही आडकाठी नाही.

प्रश्न: नव्या सप्रेसरच्या पुढच्या टोपणावर गोळी घासल्याची खूण दिसते. आत काही बिघडलं असेल?

उत्तर: गोळीबार लगेच थांबवा. नळी आणि सप्रेसर एका रेषेत नाहीत. आतल्या, आवाज अडवणाऱ्या पडद्यांना गोळी लागली तर सप्रेसर फुटूही शकतो. बहुतेक वेळा दोष सप्रेसरचा नसतो, आट्यांचा (नळीच्या टोकावरच्या, सप्रेसर फिरवून बसवायच्या पेचांचा) असतो: आटे तिरपे कापलेले, त्यांवर काजळी साचलेली किंवा मधे क्रश वॉशर, म्हणजे आवळताना दबणारी चकती, घातलेला. हा वॉशर एका बाजूला जास्त दबतो, म्हणून सप्रेसरच्या जोडणीत तो कधीच वापरू नका. मापही पाहा. ५.५६ कॅलिबरच्या रायफलीला सहसा १/२ × २८ आटे (अर्धा इंच व्यास, इंचाला २८ आटे) असतात, .३०८ला ५/८ × २४.

बंदूक रिकामी करा, चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. आटे पुसून सप्रेसर नळीच्या खांद्याला टेकेपर्यंत घट्ट बसवा. मग त्या कॅलिबरचा अलाइनमेंट रॉड, म्हणजे रेष तपासायची सरळ सळई, नळीत सरकवा आणि पुढून पाहा. रॉडभोवतीची फट सगळीकडून सारखी दिसली पाहिजे. एका बाजूला टेकत असेल तर नळी गनस्मिथकडे (बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे) न्या. रेंजवर दर मॅगझिननंतर जोडणी चाचपा, हातमोजा घालून. ती तापल्यावर सैल होते.

आतला पडदा खराब झालाच असेल तर तो घरी बदलू नका. सुटा पडदासुद्धा कायद्याने सप्रेसरच धरला जातो, आणि नोंदणीशिवाय जवळ ठेवणं गुन्हा आहे. दुरुस्ती परवानाधारक उत्पादकाकडूनच करून घ्या.

कानांचं संरक्षण मात्र सोडू नका. १६० डेसिबलच्या आसपासचा आवाज सप्रेसर साधारण २० ते ३५ने उतरवतो. उरतो तोही कानाला घातकच. शिवाय ध्वनीपेक्षा वेगवान गोळीचा हवेतला कडाका त्याने मुळीच कमी होत नाही.