वाचकांचे प्रश्न : उतारवयात उठणे-बसणे अवघड होते तेव्हा

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचे वय 78 आहे. पक्षाघात किंवा हाड मोडणे असे काहीही झालेले नाही. मधुमेह आहे, पण तो आटोक्यात आहे. गेल्या वर्षभरात मात्र त्यांचे पारावर जाऊन बसणे सुटले, संडासातून उठताना हाताला धरावे लागते आणि आता ते अंघोळीलाही टाळाटाळ करतात. डॉक्टर म्हणतात, वयोमानाप्रमाणे हे व्हायचेच. परदेशात निरनिराळ्या शाखांचे तज्ज्ञ एकत्र येऊन वृद्धांचे असे परावलंबित्व टाळण्यावर संशोधन करतात, असे वाचले. त्यातून नेमके काय हाती लागले आहे, आणि आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांना त्याचा काही उपयोग आहे का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्या डॉक्टरांचे म्हणणे अर्धे खरे आहे. वयाबरोबर मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू झिजतात, तोल सावरण्याची चपळाई कमी होते, हे कोणालाच चुकत नाही. परंतु ही झीज आणि संडासातून उठण्यासाठी दुसऱ्याचा हात लागणे, यांच्यामध्ये बरेच अंतर असते, आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांतील संशोधनाचा बहुतेक भर त्या अंतरावर आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. हा बदल काही दिवसांत किंवा आठवड्यांत झाला असता, तर मेंदू, मणका, थायरॉइड, ब-12 जीवनसत्त्व यांची तपासणी आधी करा, असे सांगितले असते. वर्षभर हळूहळू होत गेलेल्या बदलातही ही तपासणी एकदा व्हायला हवी. पण तिच्यात काही सापडले नाही म्हणून विषय संपत नाही.

परावलंबित्व येण्याच्या बरेच आधी त्याची चाहूल लागू शकते, हे 1995 साली अमेरिकेतील आयोवा राज्यातील एका अभ्यासातून स्पष्ट झाले. त्यात 71 वर्षे व त्यावरील 1,122 माणसांची साधी चाचणी घेण्यात आली होती : पावले ठरावीक पद्धतीने ठेवून दहा सेकंद स्थिर उभे राहणे, थोडे अंतर नेहमीच्या गतीने चालणे, आणि हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठणे-बसणे. त्या दिवशी यांपैकी कोणीही परावलंबी नव्हते. तरीही चाचणीत सर्वांत कमी गुण मिळवणाऱ्यांना पुढील चार वर्षांत परावलंबित्व येण्याची शक्यता चांगले गुण मिळवणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक निघाली. आपल्याकडेही मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये 45 वर्षांवरील बहात्तर हजारांहून अधिक भारतीयांची जी पाहणी केली, तिच्यात हाताच्या पकडीची ताकद, तोल आणि चालण्याची गती मोजली गेली. रक्तातील साखर आपण दर तीन महिन्यांनी तपासतो. खुर्चीतून उठायला किती वेळ लागतो हे मात्र दवाखान्यात क्वचितच कोणी पाहते, आणि त्याला तर पैसेही पडत नाहीत.

ही चाहूल लागल्यावर पुढचे टाळता येते का, याचे सर्वांत भक्कम उत्तर अमेरिकेतील आठ केंद्रांवर झालेल्या आणि 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मिळाले. तिच्यात 70 ते 89 वयोगटातील, बैठे आयुष्य जगणारी आणि वरील चाचणीत कमी गुण मिळालेली 1,635 माणसे होती. मात्र ती सर्व 400 मीटर अंतर कोणाच्या आधाराशिवाय चालू शकत होती. निम्म्यांना आठवड्यातून दोनदा केंद्रावर आणि तीन-चारदा घरी चालण्याचा, घोट्याला वजन बांधून पायांचा आणि तोलाचा व्यायाम देण्यात आला. उरलेल्यांना आरोग्यविषयक व्याख्याने आणि हातांचे हलके ताण. सरासरी 2.6 वर्षांनंतर 400 मीटर चालण्याची क्षमता गमावलेल्यांचे प्रमाण व्याख्यानांच्या गटात 35.5 टक्के, तर व्यायामाच्या गटात 30.1 टक्के होते. शंभरांमागे पाच जणांचा हा फरक चमत्कार नव्हे. पण या माणसांचे सरासरी वय 79 च्या आसपास होते हे लक्षात घेतले, तर तो किरकोळही म्हणता येत नाही.

आपण ज्या एकत्रित संशोधनाविषयी विचारले आहे, त्याचे मला सर्वांत पटणारे उदाहरण अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातील आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील सारा झँटन या मूळच्या परिचारिका. घरी अडकून पडलेल्या वृद्धांकडे त्या भेटीला जात असत. लॉरा गिटलिन या समाजशास्त्रज्ञ संशोधिकेने त्याआधी घरातील अडचणी आणि माणसाची क्षमता यांची सांगड घालणारा एक उपक्रम तयार केला होता. झँटन यांनी त्याला परिचारिका जोडली आणि, वैद्यकीय संशोधनात सहसा न दिसणारा माणूस, म्हणजे घराची डागडुजी करणारा कारागीर, तोही जोडला. पाच महिन्यांत ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या, म्हणजे रोजची कामे स्वतः कशी करायची हे शिकवणाऱ्या तज्ज्ञाच्या, सहापर्यंत आणि परिचारिकेच्या चारपर्यंत भेटी होतात, आणि कारागिराच्या कामासाठी व साहित्यासाठी साधारण 1,300 डॉलरपर्यंत तरतूद असते. भेटीची सुरुवात रक्तदाब मोजून होत नाही. आपल्याला पुन्हा काय करता यायला हवे आहे, हे त्या वृद्ध व्यक्तीला आधी विचारले जाते, आणि मग तिघे आपापल्या बाजूने त्या एकाच गोष्टीकडे वळतात. जिना उतरायचा असेल तर थेरपिस्ट पावले कशी टाकायची ते शिकवते, परिचारिका गुडघेदुखी आणि चक्कर आणणारी औषधे पाहते, आणि कारागीर जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवतो.

2019 साली प्रसिद्ध झालेल्या या उपक्रमाच्या चाचणीत 65 वर्षांवरील, कमी उत्पन्नाची 300 माणसे होती. तुलनेच्या गटाकडेही तितक्याच वेळा कोणी ना कोणी भेटायला जात असे, म्हणजे नुसत्या सोबतीचा परिणाम वेगळा काढता येत होता. पाच महिन्यांनी अंघोळ, कपडे घालणे, संडास, चालणे अशा रोजच्या कामांतील अडचण उपक्रमाच्या गटात तुलनेने 30 टक्क्यांनी कमी राहिली. ही माणसे काही तरुण झाली नव्हती, त्यांचे आजारही गेले नव्हते. शरीर आणि घर यांतील तफावत मात्र दोन्ही बाजूंनी थोडी थोडी कमी केली गेली होती.

अर्थात, चार शाखांची माणसे एका मेजाभोवती बसवली की यश ठरलेलेच, असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेतच 5,451 वृद्धांवर झालेल्या आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत परिचारिकांनी प्रत्येकाचे पडण्याचे धोके शोधून त्यानुसार योजना आखून दिली, तरीही पडून होणाऱ्या गंभीर दुखापतींत नजरेत भरेल इतकी घट झाली नाही. त्या योजनेतील बरीचशी कामे पुढे कोणाकडून तरी करून घ्यायची होती. बाल्टिमोरमध्ये कठडा भिंतीत पक्का बसेपर्यंत काम संपत नसे. दोन्ही निष्कर्षांतील फरक निदान अंशतः इथे असावा, असे माझे मत आहे.

आता आपल्या घराविषयी. सासरे अंघोळ टाळतात ती ओल्या फरशीच्या भीतीने, थंडीने, दम लागतो म्हणून, की सुनेने हाताला धरून मोरीत न्यावे याच्या संकोचाने, हे त्यांना विचारायला हवे, आणि ते बहुधा आपल्यापेक्षा त्यांच्या मुलाने किंवा बरोबरीच्या मित्राने विचारलेले बरे. संकोच हे कारण निघाले, तर पाय न घसरणारे प्लास्टिकचे स्टूल आणि हाताशी बादली ठेवल्याने प्रश्न सुटू शकतो. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर खालून उठण्यासाठी मांड्यांना फार जोर लागतो. सासरे उठताना हात कोठे टेकतात हे आधी पाहावे, आणि त्याच जागी गवंड्याकडून लोखंडी किंवा स्टीलची दांडी विटांच्या बांधकामात खोलवर रोवून घ्यावी. टाइलवर स्क्रूने बसवलेली टॉवेलची दांडी आधाराला कधीही वापरू देऊ नये. ती माणसाच्या वजनासाठी नसतेच. तेवढ्यानेही जमत नसेल तर कमोड खुर्ची ठेवावी. खाट इतकी उंच असावी की कडेला बसल्यावर पाऊल पूर्ण टेकेल आणि गुडघे कंबरेपेक्षा किंचित खाली राहतील.

व्यायामासाठी जिल्हा रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात एकदा दाखवून कार्यक्रम ठरवून घ्यावा. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून उठणे-बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे आणि अंगणात फेऱ्या हा त्याचा गाभा असेल. सासऱ्यांच्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवाव्यात, कारण झोपेच्या, रक्तदाबाच्या आणि साखर फार उतरवणाऱ्या गोळ्यांनी पाय लटपटतात. रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर, असा दोन्ही वेळा मोजायला सांगावे. राज्य शासनाने 2024 साली सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरील आणि कमी उत्पन्नाच्या नागरिकांना अशी साधने घेण्यासाठी एकवेळ 3,000 रुपये देण्याची तरतूद आहे. त्याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करता येईल. आणि एक विनंती : जे काम त्यांना हळू का होईना जमते, ते मायेपोटी आपण उरकून टाकू नये.

प्रश्न : आईला व्यायामाचा कंटाळा आहे. त्याऐवजी प्रोटीन पावडर आणि आठवड्याला ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी चालू ठेवली तर पायांत ताकद येईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. 1994 साली बोस्टनमधील एका वृद्धसेवा केंद्रात सरासरी 87 वर्षे वयाच्या शंभर जणांवर हे तपासले गेले. दहा आठवडे पायांचा वजनी व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून अधिक वाढली. नुसते पूरक पेय घेणाऱ्यांच्या ताकदीत काहीच भर पडली नाही. आहारात डाळी, दूध, अंडी कमी असतील तर ती जरूर वाढवावीत, पण स्नायूला काम दिल्याशिवाय त्यांचा उपयोग मर्यादितच.

पुडीविषयी अधिक सावध राहावे. रक्तातील कमतरता भरून काढण्यासाठी डॉक्टर 60,000 एककांच्या पुड्या ठरावीक आठवडे देतात, ते योग्यच आहे. मात्र पुढे त्या दुकानातून आणून आपल्या मनाने चालू ठेवल्या जातात. झुरिक येथील 200 वृद्धांच्या चाचणीत महिन्याला 60,000 एकके घेणारे महिन्याला 24,000 घेणाऱ्यांपेक्षा अधिक वेळा पडले, आणि आपल्या आईंची मात्रा तर त्याच्या चौपट होते. रक्त तपासून डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढची पुडी देऊ नये.

प्रश्न : पत्नी 82 वर्षांची आहे. एकदा पडल्यापासून मुले तिला एकटीने चालू देत नाहीत. या वयात व्यायामाने अपाय तर होणार नाही ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वर उल्लेखिलेल्या 1,635 जणांच्या चाचणीत गंभीर आजार, इस्पितळात भरती आणि मृत्यू मिळून प्रमाण व्यायामाच्या गटात 49.4 टक्के आणि व्याख्यानांच्या गटात 45.7 टक्के होते. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने ठाम धरता येण्याजोगा नव्हता, परंतु म्हणूनच छातीत दुखणे, धाप किंवा घेरी असेल तर आधी तपासणी करून घ्यावी. उलट बाजूचा पुरावाही आहे. 1994 साली येल विद्यापीठाच्या मेरी टिनेटी यांच्या चाचणीत औषधांचा आढावा, घरातील धोके आणि तोल-ताकदीचा व्यायाम एकत्र दिल्यावर वर्षभरात पडणाऱ्यांचे प्रमाण 35 टक्के राहिले, तर तुलनेच्या गटात ते 47 टक्के होते. मुलांची काळजी समजण्यासारखी आहे, पण बसून राहिल्याने पाय आणखी लुळे पडतात आणि पुढच्या वेळी तोल गेला की तो सावरत नाही. सुरुवातीचे काही दिवस फिजिओथेरपिस्ट किंवा मुलांपैकी कोणी जवळ उभे राहावे. मात्र दंडाला धरून ओढत चालवू नये, कंबरेशी हात तयार ठेवावा आणि पाऊल त्यांना स्वतःच टाकू द्यावे.