झेंडा अर्ध्यावर: हुकूम कुणाचा, दोरी किती?

तिरंगा दुखवट्यात खाली घेण्याबद्दल जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली. त्यातली सात निवडली आहेत. उत्तरे भारतीय ध्वजसंहिता २००२ आणि राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियम १९७१ यांच्या आधारे दिली आहेत.

प्रश्न: आमच्या सहकारी संस्थेचे संस्थापक अध्यक्ष वारले. ऑफिसवरचा तिरंगा तीन दिवस अर्ध्यावर ठेवा, असे संचालक म्हणतात. ठेवू का? (चोपडा)

ठेवू नका. तिरंगा अर्ध्यावर कधी घ्यायचा हे सरकार ठरवते. संस्था, ग्रामपंचायत किंवा मंडळ यांना तो अधिकार नाही. सरकारी इमारतींवरचा ध्वज शासनाच्या सूचनेने अर्ध्यावर असेल तेव्हाच तुमचाही घेता येतो. एरवी तो अर्ध्यावर फडकवणे १९७१ च्या कायद्याने थेट अवमानात मोजले आहे, आणि अवमानाला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आमदार, खासदार, जिल्हा परिषद अध्यक्ष, कारखान्याचे चेअरमन यांची पदे, ज्यांच्या निधनावर ध्वज अर्ध्यावर येतो त्या संहितेच्या यादीत नाहीत. गावातला माणूस कितीही मोठा असला तरी यादी बदलत नाही.

संस्थेचा स्वतःचा झेंडा असेल तर तो खुशाल खाली घ्या, त्याला ही संहिता लागू नाही. मात्र तो तिरंग्याच्या काठीवर लावू नका. एका काठीवर तिरंग्यासोबत दुसरा कोणताही झेंडा चालत नाही.

प्रश्न: दुखवट्याचा आदेश व्हॉट्सॲपवर येतो, पण ध्वज नेमका कसा चढवायचा ते कुणी सांगत नाही. आमचा ध्वजस्तंभ ओट्यापासून २० फूट आहे. (मुख्याध्यापक, यावल तालुका)

आधी आदेश नीट वाचा. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आदेशात साधारणपणे 'ज्या इमारतींवर राष्ट्रध्वज नियमित फडकवला जातो त्या इमारतींवर' असे शब्द असतात. तुमच्या शाळेत ध्वज फक्त २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला चढत असेल, तर दुखवट्यासाठी पेटीतून काढून मुद्दाम अर्ध्यावर चढवण्याची गरज नाही. अर्ध्या शाळांची धावपळ इथेच वाचते.

रोज फडकत असेल तर सकाळी ध्वज झपाझप थेट टोकापर्यंत न्यायचा, क्षणभर तिथे थांबवायचा आणि मग सावकाश अर्ध्यावर आणायचा. संध्याकाळी उतरवताना पुन्हा टोकापर्यंत चढवायचा आणि तिथून खाली घ्यायचा. दुखवटा सात दिवसांचा असला तर सातही दिवस हेच. सर्वांत जास्त चूक संध्याकाळी होते. शाळा सुटलेली असते, शिपाई घाईत असतो आणि ध्वज अर्ध्यावरूनच थेट हातात येतो.

अर्धे म्हणजे किती? काठीला आधाराच्या ताण-दोऱ्या असतील तर टोक आणि त्या दोऱ्या यांच्यामधले निम्मे अंतर. नसतील तर काठीचे निम्मे. तुमच्याकडे २० फुटांचे निम्मे म्हणजे १० फूट. ब्रिटनमध्ये काठीच्या दोन-तृतीयांश उंचीवर ठेवतात, तसे फोटो पाहून इथे करू नये.

आता दोरी. २० फुटांच्या काठीला दुप्पट, म्हणजे ४० फूट आणि गाठींसाठी वर पाच-सहा फूट लागते. दोरीचे एक टोक ध्वजाच्या वरच्या फासाला आणि दुसरे खालच्या फासाला बांधून पूर्ण वेढा करा. पुष्कळ ठिकाणी फक्त वरचा फास बांधतात आणि खालचे टोक मोकळे सोडतात. पंधरा ऑगस्टला ते निभावते, कारण ध्वज एकदाच वर जातो. दुखवट्यात मात्र वरून खाली ओढावे लागते. ध्वज हलका, वारा त्याला काठीवर दाबतो आणि ओढायला खालून दोरीच नसते. मग तो मध्येच लटकतो.

अर्ध्याची खूण आदल्या दिवशी करून ठेवा. ध्वज न लावता दोरीची दोन्ही टोके एकमेकांना बांधा, जोड टोकापर्यंत न्या आणि तिथून १० फूट खाली आणा. या वेळी खुंटीपाशी दोरीचा जो भाग येईल तिथे रंगीत चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. दुसऱ्या दिवशी पट्टी खुंटीला टेकली की ध्वज अर्ध्यावर. मान वर करून अंदाज घ्यायला नको. खुंटीवर दोरी आठच्या आकड्यासारखी तीन-चार वेळा गुंडाळा. एकच वेढा दिला तर दुपारच्या वाऱ्यात दोरी सरकते आणि चार वाजेपर्यंत ध्वज अर्ध्याच्याही खाली आलेला असतो.

काठीच १० फुटांची असेल तर ९०० बाय ६०० मिलिमीटरचा ध्वज पाच फुटांवर येतो. त्याची खालची कड तीन फुटांवर, म्हणजे कुंपण, मेंदीची झाडे, उभ्या मोटारसायकली यांच्या पट्ट्यात. ध्वज कशालाही घासता कामा नये, म्हणून आधी भोवतालची जागा मोकळी करा.

कप्पीकडेही बघा. सुती दोरी पावसात फुगते आणि कप्पीच्या खाचेत रुतते. नायलॉनची दोरी खान्देशच्या वैशाखात कडक होऊन तिचे धागे सुटतात. गंजलेल्या कप्पीला दोन थेंब तेल पुरते, पण ते आधी. फैजपूरच्या १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनात ध्वज मध्येच अडकला आणि शिरपूरच्या एका तरुणाने खांबावर चढून तो सोडवला, ही गोष्ट इकडे अजून सांगतात. शिपायाला तसे चढायला लावू नका.

शेवटचे म्हणजे, ध्वजात फुलांच्या पाकळ्या बांधून वर झटका द्यायची पद्धत दुखवट्यात नको. ध्वज उघडाच चढवा.

प्रश्न: टीव्हीवर मंत्रालयाचा झेंडा अर्ध्यावर दिसला, पण आमच्या तहसीलचा पूर्ण वर होता. चूक कुणाची? (पाचोरा)

बहुधा कुणाचीच नाही. कोण वारले त्यावर ध्वज कुठे खाली येतो हे ठरते. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती किंवा पंतप्रधान असतील तर सगळ्या देशात. लोकसभेचे अध्यक्ष किंवा सरन्यायाधीश असतील तर दिल्लीत. केंद्रीय कॅबिनेट मंत्री असतील तर दिल्लीत आणि राज्यांच्या राजधान्यांत, केंद्रीय राज्यमंत्री असतील तर फक्त दिल्लीत. राज्यपाल किंवा मुख्यमंत्री असतील तर पूर्ण राज्यात. राज्याचे कॅबिनेट मंत्री असतील तर राज्याच्या राजधानीत, म्हणजे आपल्याकडे मुंबईत. केंद्रातला किंवा राज्यातला कॅबिनेट मंत्री गेला तर मुंबईत ध्वज खाली येतो आणि पाचोऱ्यात वरच राहतो. पण त्याच मंत्र्याचा अंत्यविधी पाचोऱ्यात झाला, तर त्या दिवशी पाचोऱ्यातही खाली येईल.

निधनाची बातमी दुपारनंतर कळली तर ध्वज दुसऱ्या दिवशीही अर्ध्यावर राहतो, मात्र त्या दिवशी सूर्योदयाआधी अंत्यविधी उरकलेला नसावा.

दुखवटा जाहीर झाला की हिशेब बदलतो. केंद्राने केला तर ध्वज पूर्ण काळ देशभर खाली, राज्याने केला तर राज्यभर. अशा वेळी पद असण्याचीही अट नाही. लता मंगेशकर यांच्यासाठी ६ आणि ७ फेब्रुवारी २०२२ असे दोन दिवस राष्ट्रीय दुखवटा होता. रतन टाटा यांच्यासाठी १० ऑक्टोबर २०२४ ला महाराष्ट्राने एक दिवस पाळला.

प्रश्न: एप्रिल २०२५ मध्ये पोप वारले तेव्हा झेंडा दोन दिवस खाली, मग वर, मग पुन्हा खाली होता. हा घोळ कसा? (भुसावळ)

घोळ नव्हता. पोप फ्रान्सिस २१ एप्रिलला वारले. केंद्राने २२ आणि २३ एप्रिल आणि शिवाय अंत्यविधीचा दिवस असा तीन दिवसांचा दुखवटा सांगितला. अंत्यविधी २६ ला झाला, म्हणून २४ आणि २५ ला ध्वज पूर्ण वर होता. परदेशी व्यक्तींसाठी दर वेळी गृह मंत्रालयाची वेगळी सूचना निघते. तारखा तिच्यातूनच घ्या, 'तीन दिवस' ऐकून सलग मोजू नका.

प्रश्न: ९ सप्टेंबरला, शिरीषकुमारांच्या हौतात्म्यदिनी, शाळेचा तिरंगा अर्ध्यावर घ्यावा का? (नंदुरबार)

नाही. अर्ध्यावरचा ध्वज निधन, अंत्यविधी आणि जाहीर दुखवटा यांच्यासाठी आहे. पुण्यतिथी त्यात येत नाही. ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता देशभर दोन मिनिटे स्तब्धता पाळतात, तसे करता येईल. १९४२ मध्ये शिरीषकुमार आणि नंदुरबारची इतर मुले तिरंगा हाती घेऊन निघाली होती, गोळ्या झेलल्या. त्यांच्या दिवशी तो पूर्ण उंचीवर असलेलाच बरा, असे आम्हाला वाटते.

प्रश्न: दुखवट्यात पंधरा ऑगस्ट आला तर? आणि ध्वजाला काळी फीत बांधावी का? (अमळनेर)

१५ ऑगस्ट, २६ जानेवारी, २ ऑक्टोबर, ६ ते १३ एप्रिलचा राष्ट्रीय सप्ताह, केंद्राने ठरवलेले इतर राष्ट्रीय आनंदाचे दिवस आणि राज्याचा स्थापनादिन, म्हणजे आपला १ मे, या दिवशी ध्वज पूर्ण वरच राहतो. अपवाद एकच. पार्थिव ज्या इमारतीत ठेवले असेल तिथला ध्वज अर्ध्यावर राहतो आणि पार्थिव हलवले की तोही वर जातो.

काळी फीत नको. मिरवणुकीत किंवा संचलनात वाहून नेल्या जाणाऱ्या ध्वजाच्या काठीच्या टोकाला काळ्या क्रेपच्या दोन पट्ट्या लावता येतात, त्याही शासनाच्या आदेशानेच. कापडावर काळे काही टाचायचे नसते.

प्रश्न: गावातल्या जवानाचे पार्थिव येणार आहे. पेटीवरच्या तिरंग्याचे नियम काय? गावातला झेंडा खाली घ्यायचा का? (साक्री तालुका)

गावातला ध्वज वेगळा आदेश नसेल तर वरच राहू द्या. पार्थिवावरच्या ध्वजाचा केशरी पट्टा डोक्याकडे येतो. असा ध्वज पांघरायची परवानगी फक्त शासकीय इतमामाला आणि सैन्यदल किंवा निमलष्करी दलांच्या अंत्यविधीला आहे. इतर कुणाच्या तिरडीवर तिरंगा टाकणे हाही अवमानच ठरतो.

चितेवर ठेवण्याआधी किंवा दफनाआधी ध्वज काढून घेतात. तो चितेत जाळायचा नाही, कबरीत सोडायचा नाही. गर्दी पुढे सरसावते आणि नेमका याच वेळी ध्वजाचा कोपरा जमिनीला लागतो, म्हणून पेटीभोवती सहा-आठ फूट जागा दोर लावून मोकळी ठेवा. हार आणि फुले लोकांनी ध्वजावर न टाकता पायथ्याशी ठेवावीत, एवढे आधीच लाऊडस्पीकरवर सांगा.

घडी सैनिक घालतात. नंतर घरच्यांना ती पुन्हा घालावी लागली तर ध्वज आडवा धरून केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडा. मग पांढरा पट्टा दोन्ही बाजूंनी आत घ्या, म्हणजे वर अशोकचक्र आणि केशरी-हिरव्याची थोडी कड दिसेल. ही घडी दोन्ही तळव्यांवर आडवी धरून नेतात.