१९७० च्या आसपासचे विस्मृतीत गेलेले सायकेडेलिक फोक (लोकगीताच्या वळणाच्या गाण्यांत स्वप्नवत, गूढ नाद मिसळणारे संगीत) अल्बम खरोखर चांगले आहेत, की केवळ दुर्मीळ म्हणून गाजतात? ऐकायला सुरुवात कुठून करावी?

दोन्ही प्रकारचे अल्बम आहेत आणि थोडे कान देऊन ऐकले तर ते वेगळे ओळखता येतात. १९६८ साली ‘द हँगमन्स ब्युटिफुल डॉटर’ हा इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड या स्कॉटिश चमूचा अल्बम ब्रिटनच्या विक्रीयादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढला आणि गिटार, बासरी, सतार व गूढ शब्दकळा यांच्या मिश्रणालाही गिऱ्हाईक आहे हे रेकॉर्ड कंपन्यांच्या ध्यानात आले. पुढच्या चार-पाच वर्षांत अनेक नवख्या गायकांना स्टुडिओत नेण्यात आले आणि तबकडी खपत नाही असे दिसताच कंपन्यांनी त्यांच्याकडे पाठही फिरवली. त्यांतल्या बऱ्याच तबकड्या सामान्यच होत्या. आज त्या महाग आहेत याचे कारण फार थोड्या प्रती शिल्लक राहिल्या एवढेच, आणि पुन्हा छापून आल्या म्हणून त्यांची गाणी सुधारलेली नाहीत.

तरीही ‘लोकांनी तेव्हा ऐकले, त्यांना आवडले नाही, मग आता आवडण्यासारखे काय झाले?’ अशी जी शंका तुमच्या प्रश्नामागे दिसते, ती मला पटत नाही. यांतल्या सर्वोत्तम अल्बमांच्या बाबतीत लोकांनी ते तेव्हा ऐकलेलेच नव्हते, आणि ज्यांनी ऐकले त्यांच्या कानांवर तो अल्बम धड स्वरूपात पडला नव्हता. अशा अल्बमांचे पुनर्प्रकाशन हेच त्यांचे पहिले खरे प्रकाशन ठरले, असे माझे ठाम मत आहे.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे लिंडा परहॅक्स यांचा ‘पॅरेललोग्रॅम्स’. लिंडा कॅलिफोर्नियातल्या बेव्हर्ली हिल्समध्ये एका दातांच्या दवाखान्यात दंत-आरोग्यतज्ज्ञ म्हणून काम करत होत्या. तिथे येणाऱ्या रुग्णांमध्ये चित्रपट-संगीतकार लिओनार्ड रोझेनमन होते. बोलता बोलता त्यांना लिंडा यांच्या गाण्यांविषयी कळले आणि त्यांनीच पुढाकार घेऊन १९७० मध्ये कॅप या कंपनीकरवी हा अल्बम काढला. त्याचे शीर्षकगीत शक्य असेल तर हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला गिटारवर एक साधी आवर्तने घेणारी धून आहे आणि तिच्यावर लिंडा यांचाच आवाज थरांवर थर चढवून येतो. भूमितीतल्या आकृतींची नावे एकमेकांच्या पाठोपाठ, एक संपण्याआधी दुसरे, अशी फिरत राहतात. मग मध्येच गाणे विरघळते. ठेका नाहीसा होतो आणि घंटांसारखे नाद, श्वास व लांबवर जाणारे स्वर एवढेच उरतात. हा भाग इतका लांबतो की गाणे परत येणार नाही असे वाटू लागते, आणि मग तीच धून जणू काही घडलेच नाही अशी पुन्हा सुरू होते. ही रचना लिंडा यांना आधी आकृतींच्या रूपात दिसली होती आणि रोझेनमन यांना त्यांनी ती कागदावर काढून दाखवली होती.

आता अशा गाण्याचे १९७० मध्ये काय झाले ते पाहा. कंपनीने तबकडी छापताना तिचा आवाज कर्कश केला, खर्जाकडचा भाग जवळजवळ घालवला आणि मधल्या भागातले ते सूक्ष्म नाद पार चपटे करून टाकले. स्वतः लिंडा यांना ती छापील तबकडी ऐकवेना. जाहिरात झाली नाही, विक्रीही झाली नाही, आणि त्या आपल्या नोकरीत परत रमल्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मायकेल पायपर या संग्राहकाने ‘द वाइल्ड प्लेसेस’ या आपल्या छोट्याशा लेबलवर (रेकॉर्ड कंपनीवर) हा अल्बम पुन्हा काढला, तोही जुन्या तबकडीवरूनच. पुढे लिंडा यांचा पत्ता लागला, आणि त्यांनी स्वतःजवळ जपून ठेवलेल्या टेपा हाती आल्यावर २००३ च्या सुमारास जी आवृत्ती निघाली तीत हा अल्बम प्रथमच मनाजोगता ऐकू येऊ लागला. २०१४ मध्ये, म्हणजे तब्बल ४४ वर्षांनी, त्यांनी आपला दुसरा अल्बमही काढला.

म्हणूनच, कोणता अल्बम घ्यावा यापेक्षा त्याची कोणती आवृत्ती घ्यावी हा प्रश्न या क्षेत्रात मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मूळ टेप न मिळाल्यामुळे किंवा हक्क न घेताच जुन्या तबकडीवरून उतरवलेल्या आवृत्त्या बाजारात भरपूर आहेत आणि वेष्टनावर ते प्रामाणिकपणे लिहिलेले असतेच असे नाही. ओळखायचे असेल तर प्रत्येक बाजूचे शेवटचे गाणे ऐकावे. ३३⅓ फेऱ्यांची तबकडी फिरते एकाच गतीने, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते आणि मधल्या कागदी लेबलजवळ जेमतेम २१. त्यामुळे आतल्या बाजूला बारीक तपशील कोंबले जातात आणि गायिकेचे ‘स’ व ‘श’ फाटल्यासारखे, थुंकी उडाल्यासारखे येतात. सीडीवर किंवा डिजिटल आवृत्तीत हा दोष ऐकू आला तर ती तबकडीवरून उतरवलेली आहे असे खुशाल समजावे. दुसरी खूण म्हणजे खरखर काढण्याच्या नादात गिटारच्या तारेचा लांबणारा नाद मध्येच चिरल्यासारखा संपतो. या संगीतात अर्धी जादू त्या लांबणाऱ्या नादातच असते, त्यामुळे अशी ‘स्वच्छ’ केलेली आवृत्ती मला खरखरीपेक्षाही नकोशी वाटते. लेबलने कलावंताशी रीतसर करार केला आहे की नाही हेही पाहावे. ज्याला त्या काळी काहीच मिळाले नाही त्याला निदान आता काही मिळावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

इंग्लिश गायिका वॅश्टी बनियन यांच्या ‘जस्ट अनदर डायमंड डे’ची कथा थोडी निराळी आहे. तिथे ध्वनिमुद्रणात काहीच खोट नव्हती. निर्माते जो बॉइड, वाद्यमेळाची आखणी इंग्लिश गायक निक ड्रेकसाठी काम केलेल्या रॉबर्ट कर्बी यांची, साथीला फेअरपोर्ट कन्व्हेन्शन हा ब्रिटिश फोक-रॉक चमू आणि इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँडमधले वादक, असा सगळा उत्तम सरंजाम होता. गाणी मात्र त्यांनी घोडागाडीतून लंडनहून स्कॉटलंडच्या बेटांकडे केलेल्या दीर्घ प्रवासात रचलेली होती. म्हणून त्यांत चूल, पाऊस, गुरे, रस्ता असे रोजचेच विषय येतात आणि आवाज इतका हलका आहे की त्या आपल्यासाठी गात नसून स्वतःशीच गुणगुणत आहेत असे वाटते. १९७० च्या अखेरीस अल्बम आला त्याच सुमारास बॉइड आपली कंपनी विकून लॉस एंजेलिसला निघून गेले, आणि अल्बमच्या बाजूने उभे राहणारे कोणी उरले नाही. काही शे प्रती खपल्या. बनियन यांनी गाणेच सोडले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंटरनेटवर शोधताना त्यांना कळले की अनोळखी माणसे त्यांचा तो अल्बम शोधत आहेत. २००० मध्ये तो पुन्हा निघाला आणि २००५ मध्ये त्यांचा दुसरा अल्बम आला. सुरुवात करायची तर मी यानेच करा असे सांगेन, कारण यात कानाला काहीही बोचत नाही.

सिबिले बायर या जर्मन गायिकेच्या ‘कलर ग्रीन’ला तर पुनर्प्रकाशनही म्हणता येत नाही. १९७० ते १९७३ च्या दरम्यान घरीच टेपवर मुद्रित केलेली ही गाणी त्यांच्या मुलाने घरच्यांसाठी सीडीवर उतरवली, आणि २००६ मध्ये ती प्रथमच प्रसिद्ध झाली. एक आवाज, एक गिटार. सायकेडेलिक असे त्यात फारसे काही नाही, पण या वाटेवर ती भेटतेच आणि भेटावी.

मराठी वाचकाला मात्र मी आवर्जून सांगेन तो अल्बम म्हणजे ‘मॅजिक कार्पेट’. लंडनच्या चॉक फार्म भागात व्हिक कीरी यांचा स्टुडिओ होता आणि त्याला जोडून मशरूम नावाचे छोटे लेबल. त्यावर १९७२ मध्ये हा अल्बम निघाला. गायिका अलिशा सुफिट, सतारीवर स्कॉटिश वादक क्लेम आल्फर्ड, गिटारवर जिम मॉइज, आणि तबल्यावर मुंबईहून लंडनला गेलेले केशव साठे. साठे त्याआधी कोलकात्यात जन्मलेले संगीतकार जॉन मेयर आणि जमैकन सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्या, भारतीय संगीत व जॅझ एकत्र आणणाऱ्या इंडो-जॅझ प्रयोगांत वाजवत होते, म्हणजे परदेशी वादकांबरोबर कुठे बोलायचे आणि कुठे गप्प राहायचे हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्या काळातल्या पुष्कळ पाश्चात्त्य तबकड्यांत सतार नुसती उदबत्तीसारखी, वातावरणापुरती लावलेली असते. इथे तसे नाही. सुफिट यांचा आवाज इंग्रजी लोकगीताच्या सरळ चालीने जातो, सतार त्याला मधल्या जागांत उत्तर देते आणि तबला दोघांना एका लयीत बांधून ठेवतो. डग्ग्याचा घुमारा गिटारच्या खालच्या तारेशी जुळतो तेव्हा ड्रमसेटची उणीव जाणवतही नाही. आपल्या कानांना सतारीची काही वळणे सोपी वाटतील, ते मान्य आहे, पण ठेका कुठेही दिखाऊ होत नाही आणि तेच मला मोलाचे वाटते. चमू लवकरच पांगला आणि अल्बम संग्राहकांपुरता उरला. पुढे सुफिट यांनीच तो स्वतःच्या लेबलवर सीडीच्या रूपात परत आणला, त्यामुळे शक्यतो तीच आवृत्ती मिळवावी.

याच मशरूम लेबलवरचा सायमन फिन यांचा ‘पास द डिस्टन्स’ (१९७०) सुरुवातीलाच ऐकू नये. मुखपृष्ठावरून कायदेशीर वाद झाल्यामुळे तो तेव्हा मागे घेण्यात आला होता आणि २००४ मध्ये पुन्हा आला. फिन यांचे गाणे हळूहळू आरोळीच्या पलीकडे जाते आणि एका बैठकीत ते पेलणे कठीण आहे. हे सारे मन लावून गायलेले आहे यात मला शंका नाही, पण आधी कान तयार व्हायला हवा. कोमस या इंग्लिश चमूच्या ‘फर्स्ट अटरन्स’ (१९७१) या अल्बमबद्दलही हेच म्हणेन, आणि त्यातले विषय हिंसक आहेत हे आधीच सांगून ठेवतो.

तेव्हा बनियन, मग परहॅक्स, मग ‘मॅजिक कार्पेट’ या क्रमाने जावे. ‘मॅजिक कार्पेट’ आवडला तर ब्रिटिश गिटारवादक जॉन रेनबर्न यांच्या चमूचा १९७७ चा ‘अ मेड इन बेडलॅम’ लगेच लावावा. त्यात जॅकी मॅक्शी जुनी इंग्रजी लोकगीते गातात आणि तबल्यावर पुन्हा केशव साठेच आहेत.