वर्गणी मागताना वाटली नाही, ती लाज गाण्यासाठी का वाटते?

"मॅडम, लोक गाणं ऐकतात, छान म्हणतात. पण महिन्याला शंभर रुपये द्या, असं कुठल्या तोंडानं सांगू?"

मी समुपदेशक आहे. सांगली-मिरजेतल्या स्वतंत्र कलाकारांकडून हा प्रश्न मी सतत ऐकते. कोणी गझल गातं, कोणी स्वतःचे अभंग गिटारवर बांधतं, कोणी रॅप करतं. पाठीशी कंपनी नाही, श्रोते हाच आधार. प्रश्न पैशाचा वाटतो, पण बहुतेक वेळा तो पैशाचा नसतो. म्हणून एका गायकाबरोबर झालेलं काम इथं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

हा तासगावकडचा, तिशीच्या आतला. स्वतः लिहितो, चाली लावतो, मिरजेत रेकॉर्डिंग करतो. आठवड्यातले तीन दिवस क्लासमध्ये पेटी शिकवतो. यूट्यूबवर सभासदत्व, म्हणजे श्रोत्यांनी दरमहा ठरावीक रक्कम द्यायची सोय, सुरू केलं होतं, पण त्याबद्दल श्रोत्यांशी एक शब्द बोलला नव्हता. वडिलांचं म्हणणं, "गाणं कर, पण लोकांपुढं हात पसरू नको." तरी रोज उठल्या उठल्या हा सभासदांचा आकडा बघायचा. दोन जण कमी झाले की त्या दिवशी रियाज बंद.

श्रोत्यांसाठी आवाहन लिहून आणा म्हटलं, तर आठ ओळींत तीनदा माफी होती.

"माफी कशाची?"

"मागतोय ना, त्याची."

"याआधी कधी कोणाकडं काही मागितलंच नाही?"

"यात्रेची वर्गणी मागितलीय. दहावीपासून पावती पुस्तक घेऊन घरोघरी फिरलोय. पन्नास दिले तर शंभर करा म्हणून अडून बसायचो."

"तेव्हा लाज वाटली?"

"छे! ते गावासाठी होतं. हे माझ्यासाठी आहे. मला गायला आवडतं म्हणून."

"आणि यात्रेतला तमाशा? तो तुम्ही बघायचा नाहीत?"

"बघायचो की! पावत्या फाडणारेच पहिल्या रांगेत असायचो."

हे बोलून तो स्वतःच थबकला. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं घाई केली तर समोरच्याच्या हाताशी आलेलं निसटतं. थोड्या वेळानं तो म्हणाला, "म्हणजे मला मजा येते म्हणून मागायचं नाही, हा नियम मीच केलाय."

इतके दिवस आम्ही दोघं वडिलांच्या वाक्याशी झुंजत होतो. खरं वाक्य त्याच्या खाली होतं: ज्यातून मला आनंद मिळतो, त्याचे पैसे मी घेताच कामा नयेत. माणसाला छळते ती घटना नव्हे, तिच्याबद्दल मनात धरलेला हट्ट, असं मी मानते. हा 'घेताच कामा नयेत' सापडला की निम्मं काम होतं, आणि तो त्याचा त्यालाच सापडला याचं मला फार समाधान वाटलं.

वर्गणी सगळं गाव देत नाही, तमाशा मात्र सगळं गाव बघतं. श्रोत्यांच्या आधारावरचं गाणंही असंच चालतं: थोडे देतात, म्हणून सगळ्यांना ऐकता येतं. आपल्या भागाला हे नवीनही नाही. पलूस गावावरून आडनाव आलेले गायक विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेत शिकले, संस्थानाचा आश्रय सोडून बाहेर पडले, तिकीट लावून जाहीर मैफिली केल्या आणि १९०१ मध्ये लाहोरला लोकांच्या पैशावर गांधर्व महाविद्यालय उभं केलं. राजाश्रयाकडून लोकाश्रयाकडे येताना त्यांना मागावंच लागलं.

पुढचं काम रोखठोक होतं. आवाहन चार वाक्यांचं झालं: दर दोन महिन्यांना एक नवं गाणं करतो, स्टुडिओचं भाडं, तबलजीचं मानधन आणि मिक्सिंग धरून इतका खर्च येतो, महिना शंभर रुपये देणाऱ्याला रियाजाचं ध्वनिमुद्रण आणि गाण्याचे बोल कॉर्ड्ससह मिळतील, कधीही थांबलात तरी चालेल. हे चौथं वाक्य गाळू नका. त्यामुळे देणारा मोकळा राहतो आणि मागणाराही.

वचनं देताना हात आखडता घ्या. दर आठवड्याला नवं गाणं, प्रत्येकाला फोन, वाढदिवसाचं खास कडवं, असलं कबूल करणारे चार महिन्यांत थकतात आणि मग श्रोत्यांवरच चिडतात. रियाजातून आपोआप तयार होतं तेच द्या.

हिशेबही नीट समजून घ्या. यूट्यूबच्या सभासदत्वात कर आणि शुल्क वजा जाऊन उरलेल्या रकमेतले ७० टक्के कलाकाराला मिळतात, म्हणजे शंभरातले सत्तरसुद्धा पूर्ण हातात येत नाहीत. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखादं गाणं बारा महिन्यांत हजारदा वाजलं नाही, तर त्या रेकॉर्डिंगचे पैसे सुरूच होत नाहीत. नवे कान भेटावेत म्हणून तिथं गाणं ठेवा, पोट त्यावर ठेवू नका.

आता सोडून गेलेल्यांविषयी. "तीन जण गेले, गाणं पडलं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. मी त्याला कारणं लिहायला लावली, आणि जिथं कळत नाही तिथं 'माहीत नाही' एवढंच. एकाचं कार्ड संपलं होतं. एकाच्या खात्यात त्या दिवशी पैसे नव्हते. आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्याची सूचना रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किमान २४ तास आधी जाते, ती बघून महिन्याचं बजेट आठवणारेही असतात. तिसऱ्यापुढं 'माहीत नाही' लिहिताना त्याला सर्वात जड गेलं. कारण माहीत नसताना 'गाणं वाईट' हे उत्तर भरून टाकायची सवय मोडायची होती.

त्यासाठी दिवसाची वाटणीही केली. सकाळचे दोन तास रियाज आणि चाली, फोन दुसऱ्या खोलीत. आकडे फक्त शनिवारी संध्याकाळी, वहीत. ज्या डोक्यानं चाल शोधायची त्याच डोक्यानं त्याच तासाला माणसं मोजली, की जुनीच चाल पुन्हा पुन्हा येते, कारण ती मागच्या वेळी चालली होती.

गणपती ते दिवाळी पहाट सुपाऱ्या येतात, मध्ये पितृपक्षात हात रिकामा. म्हणून गाण्याचं खातं वेगळं काढलं आणि सुपारीच्या प्रत्येक रकमेतला तिसरा हिस्सा तिथंच ठेवायचा ठरवला. वडिलांना त्यानं चाहत्यांचा आकडा दाखवणं सोडलं. आता तो त्यांना पासबुक दाखवतो. क्लासची नोकरी तूर्त चालू आहे. तीन महिन्यांचा घरखर्च त्या खात्यात साठला की सोडायची की नाही, यावर आम्ही पुन्हा बसणार आहोत.