वकिलांची फी झेपत नाही, म्हणून सहा लाखांवर सही करायची का?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. लग्नाला 11 वर्षं झाली, मुलगा 9 वर्षांचा आहे आणि तो तुमच्याजवळ असतो. पगार 31 हजार. नवऱ्यानं दोन वर्षांपूर्वी हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोटाचा दावा लावला, तो आता पुराव्याच्या टप्प्यावर आलाय. आजवर वकिलांना 1 लाख 40 हजार दिलेत आणि पुढच्या कामासाठी ते आणखी दीड लाख मागताहेत. गाठीला 90 हजारांची एफडी, पीपीएफमध्ये 4 लाख 80 हजार आणि माहेरचं आठ तोळे सोनं. तिकडून निरोप आलाय, ‘सहा लाख घे आणि सही कर.’ तुम्ही विचारताय, दोन लाखांचं पर्सनल लोन काढू, पीपीएफ मोडू, की सही करून मोकळी होऊ?

आधी सहा लाखांचं बघू, कारण सगळ्यात मोठा आकडा तोच आहे आणि दमलेल्या माणसाला तो आहे त्याहून मोठा वाटतो. मुलगा 18 वर्षांचा व्हायला 9 वर्षं, म्हणजे 108 महिने आहेत. सहा लाख सात टक्क्यांनी गुंतवून मुद्दल आणि व्याज दोन्ही खात गेलात, तर महिन्याला साधारण साडेसात हजार मिळतील. मुलगा बारावीत असेल तेव्हा खातं रिकामं, आणि कॉलेजचा खर्च पुढे उभा. तुमच्या निवृत्तीचा तर यात विचारच नाही. समोरच्याचा पगार तुम्ही 85 हजार लिहिलाय. दीड लाख फी वाचवायला हा सौदा करणं मला पटत नाही. तडजोड वाईट नसते, पण आत्ता ती फीच्या धाकानं होतेय.

पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबलो. ‘मला नोकरी आहे म्हणून पोटगीचा अर्ज केला नाही.’ अहो, नोकरी असली म्हणून हक्क जात नाही. त्या पगारात तुमचं आणि मुलाचं, लग्नाच्या घरात होतं त्या मानानं भागतं का, हे कोर्ट बघतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली दावा चालू असतानाची पोटगी तर मागता येतेच, शिवाय दाव्याचा खर्चही समोरच्याकडून मागता येतो. वकिलांची फी त्यातच येते. नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत असा अर्ज निकाली काढावा, असं कायद्यातच लिहिलंय. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, ते धरून चाला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रजनेश विरुद्ध नेहा या निकालात दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असंही सांगितलं. म्हणजे अर्ज जितका लांबेल तितके महिने हातचे जातात. तुमची दोन वर्षं तशीच गेली. अर्ज या महिन्यातच टाका.

आता वकिलांकडे जाऊन स्पष्ट बोला. दीड लाख एकदम नको. आधी फक्त कलम 24 चा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र एवढ्या कामाची फी ठरवा आणि पुराव्याचं टप्प्याटप्प्यानं देऊ म्हणा. तारखेगणिक फी असेल तर ती मोडून ठोक रक्कम मागा, कारण नुसत्या पुढे ढकललेल्या तारखांचे पैसे भरून माणूस खचतो. ठरलेलं लेखी घ्या, दिलेल्या पैशांची पावती घ्या. ‘पोटगी मिळाली की त्यातले इतके टक्के’ असा करार मात्र सुचवू नका, बार कौन्सिलच्या नियमांत तो बसत नाही.

नाहीच जमलं तर वकील बदलता येतो. जुन्या वकिलांची ना हरकत घ्यायची, नव्यांचं वकीलपत्र दाखल करायचं. फी थकली म्हणून तुमची फाईल अडवून ठेवायचा हक्क वकिलांना नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2000 सालीच सांगून ठेवलंय.

नवे वकील फुकटही मिळू शकतात. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अटच नाही. 31 हजार पगार असला तरी चालतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे अर्ज करा किंवा आधी 15100 वर फोन करून विचारा. खरं सांगायचं तर पॅनेलवरचे वकील सगळे सारखे नसतात. काही जण मनापासून लढतात, काहींच्या मागे लागावं लागतं. काम होत नसेल तर वकील बदलून द्या असा अर्ज तिथेच करता येतो. दावा कौटुंबिक न्यायालयात असेल तर तिथे वकील लावणं हा पक्षकाराचा आपोआपचा हक्कच नाही, कोर्टाची परवानगी लागते. त्यामुळे स्वतः उभं राहणाऱ्या बाईकडे तिथे कुणी चमकून बघत नाही. छोट्या तारखा तशा निभावता येतील. उलटतपासणी मात्र एकटीनं करू नका, असं माझं मत.

एवढं करूनही थोडे पैसे लागतीलच. त्यासाठी आजच एक मर्यादा ठरवा. मी 60 हजार म्हणेन. किती वर्षं चालेल ते माहीत नसलेल्या खर्चासाठी कर्ज काढणं म्हणजे बुडाला भोक असलेल्या हंड्यात पाणी ओतणं. दोन लाखांचं पर्सनल लोन 16 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलंत तर महिन्याला सात हजारांवर हप्ता बसेल आणि व्याजच 53 हजार जाईल. 31 हजारांतून ते निघणार नाही. पीपीएफ तर कोर्टखर्चासाठी मुदतीआधी बंदच करता येत नाही. जुन्या खात्यातून वर्षातून एकदा ठरावीक रक्कम काढता येते, पण ती मुलाच्या कॉलेजसाठी राहू द्या. एफडीलाही हात लावू नका. पगार एखादा महिना लांबला तर तेवढाच आधार आहे.

मग उरलं सोनं. ते स्त्रीधन आहे, तुमचं एकटीचं. दोन-तीन तोळ्यांवर बँकेतून 60 हजार सहज मिळतील, व्याजही पर्सनल लोनपेक्षा बरंच कमी. गहाण टाकण्याआधी प्रत्येक दागिन्याचा फोटो आणि वजन नोंदवून ठेवा आणि प्रतिज्ञापत्रात ते कर्ज दाखवा. व्याज दर महिन्याला भरत राहा, नाहीतर लिलावाची नोटीस येते. भाऊ मदत करतो म्हणालाय ना? मग पैसे रोख नको, खात्यावर घ्या आणि उसने म्हणून साध्या कागदावर लिहून ठेवा. तेही देणं म्हणून दाखवता येतं. भावाकडून बिनव्याजी मिळत असेल तर सोनंही कपाटातच राहू द्या.

तडजोडीचं दार बंद करू नका. कलम 24 चा अर्ज पडला आणि समोरच्याला उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं, की सहा लाखांचा आकडा हलतो असा माझा अनुभव आहे. तेव्हा कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रात बसा. परस्पर संमतीनं मिटलं तर मुलाचा खर्च तुमच्या रकमेत मिसळू देऊ नका. तो वेगळा, दरवर्षी वाढणारा, शिक्षणाचा उल्लेख असलेला हवा. एकरकमी पोटगीवर सहसा आयकर लागत नाही, महिन्याची पोटगी मात्र तुमचं उत्पन्न धरली जाते, तेही हिशेबात घ्या. आणि रकमेचा काही भाग संमतीच्या घटस्फोटाच्या पहिल्या अर्जाच्या वेळी, उरलेली सगळी दुसऱ्या वेळच्या जबाबाच्या दिवशी, कोर्टासमोर, डिमांड ड्राफ्टनं. पुढच्या तारखेचा चेक घेऊ नका.