मुदत ठेवीतले पैसे काढून परसात पिझ्झा-ब्रेड भाजायची विटांची भट्टी बांधावी का?

प्रश्न: आम्ही दोघे आणि दोन मुलं. माझी नोकरी आहे, नवऱ्याचा स्वतःचा व्यवसाय आहे आणि त्याचं उत्पन्न कमी-जास्त होतं. घरामागच्या मोकळ्या जागेत लाकडावर चालणारी, घुमटाची विटांची भट्टी बांधायची आमची फार दिवसांची इच्छा आहे. गवंड्याने दिलेला अंदाज आमच्या आठ महिन्यांच्या बचतीइतका आहे: आतून ४२ इंची घुमट, बाहेरून दगडी सजावट, तांब्याचं धुराडं. सहा महिन्यांच्या घरखर्चाची रक्कम मुदत ठेवीत आहे, ती पुढच्या महिन्यात मोकळी होते. अर्धा खर्च तिच्यातून आणि अर्धा दोन वर्षांच्या वैयक्तिक कर्जातून करावा, असा विचार आहे. बाहेर जेवायला जाणं कमी होईल, घराची किंमत वाढेल आणि शनिवार-रविवार ब्रेड विकून थोडे पैसेही येतील, असं आम्हाला वाटतं. तुमचं मत?

उत्तर:

तुम्ही खर्च रुपयांत न सांगता बचतीच्या महिन्यांत मांडलात, हे फार बरं केलंत. मीही त्याच मापाने बोलतो.

माझं मत आधीच सांगतो. भट्टी बांधा, पण या अंदाजपत्रकाची नको, या पैशांतून नको आणि यंदा नको. तुम्ही दिलेली तीनही कारणं मात्र हिशेबातून काढून टाका. हौसेला परतावा दाखवावाच लागतो असं काही नाही. हौस म्हणून केलेला खर्च परवडत असेल तर तो चांगलाच खर्च. गुंतवणूक म्हणून केला, की तोच खर्च जास्त होतो, कारण मग तांब्याचं धुराडंसुद्धा ‘पैसे वसूल होतील’ या सबबीखाली खपून जातं.

बाहेरच्या जेवणाचं कारण आकड्यांत पाहू. समजा चौघांचं एक बाहेरचं जेवण म्हणजे तुमच्या महिन्याच्या बचतीचा पंधरावा भाग. तेच घरी भट्टीवर केलं तरी पीठ, चीज, भाज्या आणि लाकूड यांचा खर्च आहेच. तो एक तृतीयांश धरला तर एका जेवणामागे बचतीचा ४५ वा भाग दोनदा, म्हणजे दोन पंचेचाळिसांश वाचतो. आठ महिन्यांची बचत भरून यायला अशी १८० जेवणं टळावी लागतील. महिन्याला दोन धरली तर साडेसात वर्षं. यात गृहीत असं धरलंय, की भट्टी पेटली त्या प्रत्येक वेळी बाहेरचं एक जेवण खरोखर रद्द झालं. प्रत्यक्षात भट्टी पेटली की घरी पाहुणे येतात आणि खर्च वाढतो. त्यात वाईट काही नाही, भट्टी त्यासाठीच असते. फक्त तिला बचत म्हणू नका.

घराच्या किमतीबाबत थोडक्यात: शून्य धरा. दोन-तीन टनांचं बांधकाम घर बदलताना सोबत नेता येत नाही, आणि पुढच्या मालकाला ते आवडेल की पाडून टाकावंसं वाटेल ते तुमच्या हातात नाही.

ब्रेडविक्रीचं गणित भट्टीच्या तळावरच मांडता येतं. मी पुढे ४२ ऐवजी ३२ इंची भट्टी सुचवणार आहे. तिच्या ३२ इंची, म्हणजे साधारण ८१ सेंटिमीटर व्यासाच्या तळावर मोकळी जागा सोडून सात-आठ ब्रेड बसतात. ब्रेड भाजताना आग काढून घेतलेली असते. विटांनी साठवलेल्या उष्णतेवर भाजणं चालतं आणि ती उष्णता दर घाण्याला उतरत जाते. म्हणजे एकदा पेटवल्यावर पंधराएक ब्रेड. त्यासाठी आदल्या दिवशी पीठ मळायचं, पहाटे जाळ करायचा, तापमान उतरून स्थिर व्हायची वाट बघायची, राख काढायची, तळ पुसायचा. तुमच्या शनिवारच्या पाच तासांना काहीच किंमत नसेल तर धंदा फायद्यात दिसेल. शिवाय खाद्यपदार्थ विकायला नोंदणी किंवा परवाना लागतो. विकायचंच असेल तर ते वेगळं काम समजा, त्याचा वेगळा हिशेब ठेवा आणि त्याच्या भरवशावर आज कर्ज काढू नका.

आता पैसे कुठून आणायचे ते. कर्जाचं व्याज ऐकून तुम्ही दचकाल असं वाटत असेल, तर तसं नाही. चार महिन्यांच्या बचतीइतकं कर्ज, १४ टक्के दर, २४ हप्ते: एकूण व्याज मुद्दलाच्या सुमारे १५ टक्के होतं, आणि हप्ता तुमच्या मासिक बचतीचा जवळपास पाचवा हिस्सा खातो. बोचेल, पण बुडवणार नाही. मला खरी भीती ठेवीची वाटते. घरातलं एक उत्पन्न अनियमित आहे. ज्या तिमाहीत नवऱ्याचं येणं अडकेल, त्याच तिमाहीत हप्ताही असेल आणि राखीव रकमेला भगदाडही पडलेलं असेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करण्यात धोका आहे. अनियमित उत्पन्नाच्या घराला सहा महिन्यांचा खर्च हा मला तसाही जेमतेमच वाटतो.

काही सल्लागार इथे चक्रवाढीचं शस्त्र काढतात: हीच रक्कम ८ टक्क्यांनी दहा वर्षं ठेवली तर दुपटीहून जास्त होईल, वगैरे. गणित बरोबर आहे. पण त्या न्यायाने कोणी कधी काहीच घेऊ नये. मी तो मुद्दा फक्त निवृत्तीची किंवा मुलांच्या शिक्षणाची रक्कम मोडली जात असेल तेव्हाच काढतो.

मला महत्त्वाचा वाटणारा आकडा वेगळाच आहे: वर्षातून किती वेळा पेटणार? दहा वर्षांचा हिशेब धरा. दर आठवड्याला पेटली तर सुमारे ५०० वेळा, म्हणजे प्रत्येक वेळेचा बांधणीखर्च तुमच्या अर्ध्या दिवसाच्या बचतीइतका. दोन महिन्यांतून एकदा पेटली तर ६० वेळा, आणि मग प्रत्येक वेळेला चार दिवसांची बचत. भट्टी तीच, पैसे तेच, फरक आठपटीचा. परसातली भट्टी पेटवणं म्हणजे बटण दाबणं नव्हे. पिझ्झ्यासाठी तळ ३७० ते ४३० अंश सेल्सियसपर्यंत न्यायला चांगल्या भट्टीलाही तास-दीड तास लागतो. घुमटावरची काजळी जळून तो पांढरा दिसेपर्यंत जाळ घालत राहावं लागतं. पिझ्झा मग दीड-दोन मिनिटांत होतो, पण त्याआधीचा वेळ कोणाचा हे घरात आधी ठरलेलं बरं.

हे न बांधताही तपासता येतं. शंभर ते दीडशे फायरब्रिक, म्हणजे मोठी उष्णता सोसणाऱ्या विटा, घ्या आणि मॉर्टार न वापरता, नुसत्या रचून छोटी भट्टी उभी करा. वर आधाराला लोखंडी अँगल आणि त्यावर विटांचा थर, बाहेरून उष्णता अडवणारं सिरॅमिक फायबरचं (चिनीमातीसारख्या तंतूंचं) ब्लँकेट. काँक्रीटचे फरसबंदीचे ब्लॉक आत वापरू नका, अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ते तडकून उडतात. ब्लँकेट कापताना आणि विटा कापताना चांगला मास्क लावा. विटेच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसांना कायमची इजा करते. ही रचलेली भट्टी दिसायला ओबडधोबड असेल, उष्णताही कमी धरेल. पण सहा महिन्यांत ती किती वेळा पेटली हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून कळेल, आणि त्याच विटा पुढे पक्क्या भट्टीत वापरता येतील. म्हणजे चाचणीचे पैसे बहुतेक वाया जात नाहीत.

सहा महिन्यांत बाराहून कमी खुणा पडल्या आणि त्यातही फक्त पिझ्झाच झाला, तर पत्र्याची छोटी, हलवता येणारी, लाकडावर चालणारी भट्टी घ्या आणि विषय संपवा. ती अर्ध्या तासाच्या आत तापते आणि नको झाली तर विकता येते. विटांच्या भट्टीचं खरं वैशिष्ट्य दुसऱ्या दिवशी आहे: नीट उष्णतारोधक थर दिलेली भट्टी रात्रभर दार लावून ठेवली तर सकाळीही ब्रेड भाजण्याइतकी किंवा निदान डाळ, मांस मंद शिजवण्याइतकी गरम असते. ते तुम्ही वापरणार नसाल तर टनभर विटांना पैसे का घालायचे?

बाराच्या वर खुणा पडल्या तर पक्की बांधा, पण अंदाजपत्रक उलटं करून. तुम्ही पाठवलेल्या गवंड्याच्या अंदाजाच्या यादीत दगडी सजावट आणि धुराडं यांवर जेवढा खर्च आहे, त्याच्या मानाने उष्णतारोधनावर काहीच नाही. तळाच्या विटा थेट काँक्रीटवर ठेवल्या आहेत. हे पैसे वाचवणं तुम्हाला दर वेळी महाग पडेल. जड वीट उष्णता साठवते पण अडवत नाही. तेवढ्याच जाडीचं सिरॅमिक ब्लँकेट तिच्या साधारण दहापट चांगलं अडवतं. तळाखाली ५० मिलिमीटर कॅल्शियम सिलिकेट बोर्ड (उष्णता अडवणारी कडक पाटी) किंवा १०० मिलिमीटर व्हर्मिक्युलाइटचं (हलक्या, फुगवलेल्या खनिजाचं) काँक्रीट आणि घुमटावर ५० ते ७५ मिलिमीटर ब्लँकेट, एवढं तरी लिहून घ्या. अर्धा टन विटा ३५० अंशांनी तापवायला, सगळी उष्णता विटेतच गेली तरी, दहा-अकरा किलो सुकं लाकूड लागतं. बरीचशी उष्णता दारातून आणि धुराड्यातून जातेच. खालचं काँक्रीटही तापवत बसलात तर लाकूड आणि वेळ दोन्ही वाढतात, आणि वेळ वाढला की कॅलेंडरवरच्या खुणा कमी होतात.

दुसरी काटछाट आकारात. ४२ इंचाचा तळ ३२ इंचाच्या तळापेक्षा सुमारे १.७ पट मोठा असतो, विटा त्याच प्रमाणात वाढतात आणि तापायचा वेळही. चौघांच्या घराला ३२ पुरे. मोठा घुमट वर्षातून दोन मेजवान्यांना उपयोगी पडतो, उरलेलं वर्षभर तुम्ही रिकामी जागा तापवता. दगडी सजावट मागाहूनही करता येते, गिलावा पुरेसा आहे. पाया, चौथरा आणि वरचं छप्पर यांत मात्र हात आखडू नका, कारण ब्लँकेटमध्ये पाणी शिरलं की ते उष्णता अडवेनासं होतं. दार, लांब दांड्याचा फावडा, ब्रश, इन्फ्रारेड थर्मामीटर आणि लाकूड सुकवायचा कोरडा आडोसा हे कोणाच्याच अंदाजपत्रकात नसतं. त्यासाठी १५ ते २० टक्के वेगळे धरा. धुराबद्दल शेजाऱ्यांशी, बांधकामाच्या परवानगीबद्दल स्थानिक कार्यालयाशी आणि घराच्या विम्याबद्दल विमा कंपनीशी आधीच बोला.

गवंड्याशी करार करताना एक अट घाला: शेवटचे २० टक्के पैसे सुकवणीचे जाळ पूर्ण झाल्यावर. नव्या भट्टीत पाणी असतं. ते आठवडाभर रोज लहान जाळ, दर दिवशी थोडा वाढवत, असं काढावं लागतं. घाईने मोठा जाळ केला तर वाफ घुमट फोडते. केसाएवढ्या भेगा पडल्या तर घाबरू नका, त्या पडतातच. विटा सुटल्या किंवा भेगेत नख शिरलं तर मात्र तो दोष गवंड्याचा, आणि तो दुरुस्त करून घ्यायला तुमच्या हातात ते २० टक्के असतील.

या बदलांनी खर्च आठवरून पाच महिन्यांच्या बचतीच्या आसपास यावा. दर महिन्याच्या बचतीतला तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकलात तर १५ महिन्यांत तो जमतो, बाकीच्या दोन तृतीयांशाला हात लागत नाही, आणि चाचणीच्या विटांचे पैसे याच खात्यातून पहिल्या काही महिन्यांत निघतात. गवंड्याला नकार कळवू नका. ३२ इंची आकाराचा, रोधक थराची जाडी लिहिलेला सुधारित अंदाज मागून ठेवा. आणि पुढच्या महिन्यात ठेवीची मुदत संपली की ती रक्कम खात्यात फार दिवस पडू न देता सहा किंवा बारा महिन्यांसाठी परत ठेवा.